सड्यावरची निसुर्डी

येसूबाईने सुनेच्या लुगड्याच्या काठातून नववं बी नखाने उपटलं आणि शेजारच्या सुपात टाकलं. मुगाएवढं, चपटं, पण अंगभर बारीक आकडे. एकदा ते सुतात शिरले की कापड ओढलं जाईल, बी सुटणार नाही. धुतल्यावरही ही नऊ तशीच चिकटून राहिली होती. तिने एक उचलून मावळतीच्या उजेडाकडे धरलं. गोखरू नव्हतं, कुसळ नव्हतं. निसुर्डी होती.

"नीरे," तिने ओटीवरूनच हाक मारली, "आज कुठल्या वाटेनं आलीस गो?"

आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला.

"खाडीच्या. रोजच्याच."

"संगती कोन व्हतं?"

"समदीच की. रंगू व्हती, गोदू व्हती."

"बरं," येसूबाई म्हणाली आणि दहावं बी शोधू लागली.

कोंडवेळच्या कोळीवाड्यातून बोर्लीच्या बाजाराला जायला दोन वाटा. एक खाडीच्या कडेकडेने, लांबची पण सपाट. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बायका त्याच वाटेने जात आणि त्याच वाटेने परत येत. त्या वाटेवर चिखल लागतो, तिवरं लागतात, कालवांची धार तळव्याला बोचते. निसुर्डी तिथे औषधालाही सापडायची नाही. दुसरी वाट डोंगरावरून, जवळची पण चढाची. निसुर्डी उगवते ती त्या वाटेवर, डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर, जिथे कातळ संपतो आणि थोडी माती साचते तेवढ्याच पट्ट्यात. येसूबाईला हे पक्कं ठाऊक होतं. नवी नवरी असताना लाकडं आणायच्या निमित्ताने ती सड्यावर जायची, कारण नवऱ्याचं गलबत तिथून सगळ्यांच्या आधी दिसायचं. लाकडांची मोळी लहान असायची आणि लुगड्याला निसुर्डी फार असायची.

म्हणूनच सुपातल्या त्या दहा बियांकडे ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली. बाई एकटी सडा चढते ती कशाला, हे दुसऱ्या कुणी तिला सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी बोंबील वाळत घालताना रंगूनेही तेच काढलं. रंगू शेजारीण. मनाने वाईट नव्हती, पण पोटात काही ठरत नसे.

"येसू, एक सांगू? राग मानू नको. तुझी सून जाताना आमच्या संगती असते. येताना नसते. बाजार उठला की म्हनते, तुमी व्हा पुढं."

"माझंच काम असतं काही बाजारात."

"बाजारात कुठं? ती सड्याच्या गाडीवाटेला लागते. गोदूनं दोनदा पाहिली." रंगूने एक बोंबील दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी दांडीवर टाकली. "सड्यावर काय हाय गो? करवंदीच्या जाळ्या नि वारा."

येसूबाईनेही एक जोडी दांडीवर टाकली. "वारा बरा असतो अंगाला," ती म्हणाली.

पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

चंदर, तिचा एकुलता एक मुलगा, चार वर्षांपूर्वी तापाने गेला. समुद्राने नाही नेला, म्हणून गावाला त्याचं नवल वाटलं होतं. तेरावं झालं आणि नीराचा भाऊ काशीदहून तिला न्यायला आला. मूलबाळ नाही, वय सव्वीस. कोण अडवणार होतं? येसूबाईने स्वतःच तिचं बोचकं बांधायला घेतलं होतं. नीरा आतून आली, बोचक्याची गाठ सोडली आणि भावाला म्हणाली, "मी हिथंच बरी हाय." एवढंच. तेव्हापासून त्या दोघी एका घरात राहत होत्या. सून बाजार करी, सासू सुकवण करी. संध्याकाळी ओटीवर बसून एकमेकींशी फारसं बोलत नसत, पण एकीला यायला उशीर झाला तर दुसरी उठून दोनदा दारात जाऊन येई.

याहूनही एक गोष्ट होती, ती येसूबाईने कुणाला सांगितली नव्हती. त्यांच्या जातीत विधवेचा पाट लागतो, तिचं पुन्हा लग्न होतं, त्यात कुणी वावगं मानत नाही. काशीदचा भागोजी म्हणून एक मध्यस्थ होता, नीराच्या माहेरच्या नात्यातला. तो दोनदा स्थळ घेऊन आला होता. पहिल्यांदा थळचा एक होडीवाला, दुसऱ्यांदा काशीदचाच कुणी, घरचं जाळं असलेला. दोन्ही वेळा नीरा बाजारात होती. दोन्ही वेळा येसूबाईने भागोजीला गुळाचा चहा दिला आणि सांगितलं, "तिच्या मनात न्हाय." तिच्या मनात काय आहे हे तिने विचारलंच नव्हतं. विचारायची भीती वाटली होती. ती न विचारलेली गोष्ट घशात अडकलेल्या काट्यासारखी चार वर्षं बसून होती. भाताचा गोळा गिळला तरी उतरत नव्हती.

आता नीराने स्वतःच कुणी पाहिला असेल, तर निदान ते ऋण फेडायचं, असं तिने ठरवलं. चोरून सडा चढायला लागणं तिच्या सुनेला शोभत नव्हतं. तिने एक वाक्य मनात तयार केलं. 'ज्याच्यासाठी सडा चढतेस, त्याला दिवसाउजेडी खाली घेऊन ये, मी ओवाळते.' सुकवणीवरचे कावळे हाकताना तिने ते चार वेळा म्हणून पाहिलं. शेवटच्या शब्दाला दर वेळी आवाज जात होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी नीरा पहाटे पाटी घेऊन गेली. ऊन डोक्यावर आलं तशी येसूबाईने कोयती कमरेला खोवली, हातात काठी घेतली आणि घरामागची पाखाडी चढायला लागली.

पायऱ्या पूर्वी इतक्या उंच नव्हत्या, असं तिला वाटलं. दर वीस पायऱ्यांनी गुडघे थांबायला सांगत होते. अर्ध्यावर एका फणसाला टेकून तिने खाली पाहिलं. कोळीवाडा सुपाएवढा झाला होता, वाळवणाच्या दांड्या काड्यांसारख्या दिसत होत्या. मग ती पुन्हा चढली. शेवटच्या वळणावर झाडी संपली, वारा समोरून आला आणि ती सड्यावर पोहोचली.

निसुर्डी तिथेच होती. चाळीस वर्षांपूर्वी होती त्याच पट्ट्यात. उन्हाळ्यात तिचा मागमूस राहत नाही. पाला वाळतो, काड्या मोडतात, गुरं तुडवून जातात. पण मूळ आत जिवंत असतं आणि पाऊस लागला की त्याच जागी पुन्हा खरखरीत जिभेसारखी पानं वर येतात. आता दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. कमरेएवढ्या फांद्यांना विंचवाच्या नांगीसारखे बाकदार तुरे, तुऱ्याच्या टोकाला अजून फुलं, आणि फुलांच्या मागे ओळीने बिया धरलेल्या. फुलं इवलीशी, फिकट निळी; पावसानंतर पहिल्यांदा आभाळ उघडतं ना, त्या रंगाची. येसूबाई विसरलीच होती की ती इतकी निळी असतात. लुगड्याला चिकटलेल्या बियांवरून तो रंग कुणाला आठवणार?

ती गुरं अडवायला रचलेल्या दगडी गडग्याआड बसली. तेवढ्यात घंटा वाजली.

गाईच्या गळ्यातली नव्हती. कसलीतरी बारीक, घाईघाईची किणकिण. तिच्यामागोमाग एका बाईची किंकाळी.

"धर! अगं धर! सोडू नकोस!"

"धरलंय वो ताई! समोर बघा, माझ्याकडं नको!"

येसूबाईने गडग्यावरून डोकं वर काढलं. कातळावरून एक सायकल नागमोडी येत होती. सायकलीवर पांढरं पातळ नेसलेली, चष्मा लावलेली एक तरणी मुलगी, दोन्ही कोपर ताठ. तिच्यामागे सायकलीची बैठक धरून नीरा धावत होती, पदर खोचलेला, वेणी सुटलेली, तोंड उघडं. रिकामी पाटी मागे कुठेतरी कातळावर पालथी पडली होती.

"ब्रेक दाबा, ताई!"

"कुठला? उजवा का डावा?"

"दोन्ही दाबा!"

मुलीने घंटा दाबली. सायकल कातळ सोडून उतारावर लागली, नीराच्या हातून सुटली आणि निसुर्डीच्या पट्ट्यात घुसून आडवी झाली. निळ्या फुलांतून आधी एक पाय वर आला, मग चष्मा शोधणारा एक हात.

"लागलं का?" नीरा ओरडली.

"नाही," आतून आवाज आला. "पातळ अडकलंय साखळीत. आणि चष्म्याला निसुर्डी चिकटलीये."

येसूबाईच्या पोटातून काहीतरी वर आलं. तिला आधी वाटलं की रडू आहे, कारण इतके दिवस तेच येत होतं. पण ते हसू होतं. ती गडग्याआड बसून तोंडावर पदर दाबून हसली आणि दाबल्यामुळे जास्तच हसली. शेवटी काठी दगडावर आपटली आणि सगळं उघड झालं.

नीरा वळली. सासूला पाहून ती जागच्या जागी थिजली. तिच्या लुगड्याचा काठ बियांनी काळा झाला होता.

"आई, तुमी? हिथं?"

"लाकडं न्यायला आले," येसूबाई म्हणाली आणि डोळे पुसले. "ही कोन?"

झुडपातून ती मुलगी लंगडत बाहेर आली. तिच्या केसांत, पोलक्यावर, बाहीवर सगळीकडे निसुर्डी होती. तिने हात जोडले.

"मी कमळ. बोर्लीची ग्रामसेविका. मावशी, पाया पडते, कुणाला सांगू नका."

"काय सांगू नको? सरकारची बाई झाडात पडली म्हणून?"

मग सगळं बाहेर आलं. तालुक्यात विकासाचं नवीन खातं निघालं होतं. गावोगाव फिरून बायकांना बाळंतपणाचं, पोरांच्या खाण्यापिण्याचं सांगायला या मुली नेमल्या होत्या. कमळ अलिबागकडची. निवडीच्या वेळी साहेबांनी विचारलं होतं, सायकल येते का? सगळ्या मुली 'नाही' म्हणत होत्या, म्हणून ती 'हो' म्हणाली. सरकारने सायकल दिली. गेले तीन महिने ती सायकल हाताने ढकलत गावोगाव जात होती, आणि वाटेत लोक विचारत, "ताई, पंक्चर?" ती म्हणे, "हो, पंक्चर." तीन महिने एकच पंक्चर. आता सोमवारी साहेब पाहणीला येणार होते, आणि त्यांनी लिहून कळवलं होतं की सेविकेने सायकलवरून सोबत फिरावं.

"कळलं तर नोकरी जाईल," कमळ म्हणाली. "नोकरी गेली तर घरी परत. घरी गेले की लग्न."

"आनि ही?" येसूबाईने काठीने नीराकडे दाखवलं.

"मी एकटीच इथे शिकायचा प्रयत्न करत होते. पडले, तेव्हा उशीर झाला म्हणून ह्या जवळच्या वाटेने येत होत्या. त्यांनी मला ओढून काढलं." कमळने चष्मा पुसला. "मग ठरलं, एकीने धरायचं, एकीने बसायचं. आळीपाळीने. मावशी, खरं सांगू का? त्यांना आठ दिवसांत आली. मला अजून वळता येत नाही."

येसूबाईने सुनेकडे पाहिलं. नीरा खाली बघत अंगठ्याने कातळ उकरत होती.

"तुला येते?"

"येते थोडी."

"दाखव."

नीराने सायकल उचलली, साखळीत अडकून राहिलेली पातळाची पांढरी चिंधी हळूच सोडवली, पाय टाकला आणि निघाली. कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट, मागे कासोटा. कुठे फडफडणारं काही नाही. सायकल सरळ गेली, टोकाच्या जांभळीला वळसा घालून आली. येताना नीराने एक हात सोडून कपाळावरचे केस मागे केले. येसूबाईने चंदरच्या लग्नापासून आजपर्यंत या मुलीला हजार वेळा चालताना पाहिलं होतं, डोक्यावर ओझं आणि मान ताठ. मान इतकी मोकळी तिने कधी पाहिली नव्हती.

तयार करून आणलेलं वाक्य तिला आठवलं. ते आता कुणाला म्हणायचं? तिने ते गिळलं आणि कमळकडे वळली.

"तू इकडं ये. हे असं गोल पातळ नेसून वळायला कसं येईल? पाय कुठं हलवणार? सायकलीचा दोष न्हाय, नेसण्याचा हाय."

"पण मावशी, हे पाचवारी आहे. कासोटा नाही बसायचा."

"बसतो. ओढला की बसतो."

गडग्याआड तिने कमळचं पातळ सोडलं, वर ओढून कमरेला दोन वेढे दिले, निऱ्या मोडल्या आणि मधला पट्टा पायांतून मागे नेऊन असा खोचला की कमळ चवड्यांवर उभी राहिली.

"श्वास घेता येतो का?"

"थोडा."

"थोडा पुरे. बस आता."

कमळ बसली. सुरुवातीला हलली, डगमगली, "धर" म्हणाली. कुणी धरलं नाही. नीरा सासूशेजारी उभी होती आणि येसूबाईने तिचं मनगट घट्ट पकडून ठेवलं होतं. सायकल जांभळीपाशी गेली. तिथे ती थांबेल किंवा पडेल असं वाटलं. मग चाक हळूच वळलं, पांढरं पातळ जांभळीमागे नाहीसं झालं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. कमळ काहीतरी ओरडत होती. वाऱ्यामुळे शब्द ऐकू येत नव्हते. ती न थांबता दुसरा वळसा घालायला गेली.

सासू आणि सून गडग्यावर बसल्या. येसूबाईने सवयीने नीराच्या पदराचं टोक मांडीवर घेतलं आणि बिया उपटायला लागली.

"मला खाडीची वाट सांगितलीस."

"चुकले, आई."

"का गो सांगितलं न्हाईस?"

नीराने सुटलेली वेणी पुढे घेतली. "तुमी हसाल वाटलं. रंडकी बाई, आनि सायकल." मग ती म्हणाली, "आनि शिकून मला काय करायचंय, असं इचारलं असतंत तर काय सांगणार व्हते? काही करायचं न्हाय. उतारावर निघालं की वारा कानांतून आरपार जातो. तेवढंच."

येसूबाईने एक बी नखात धरून बराच वेळ पाहिलं. आता बोललं नाही तर पुन्हा कधी बोलणं होणार नाही, हे तिला कळत होतं.

"नीरे, मला तुला एक सांगायचंय. काशीदचा भागोजी आला व्हता. दोनदा. तुझ्यासाठी इचारायला. मी त्याला परत धाडला. तुला सांगितलं न्हाय." तिने मान वर केली नाही. "मला एकटी राहायचं भ्या वाटलं. म्हनून."

वर घार फिरत होती. सड्याच्या टोकाला कमळ सायकल थांबवायचा प्रयत्न करत पुन्हा पुढे निघाली होती.

"ठावं हाय मला," नीरा म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"भागोजी पयला माझ्याकडंच आला व्हता, बाजारात. भावाचा नातलग, त्याला तोंडावर न्हाय कसं म्हनू? भाऊ रुसला असता. म्या सांगितलं, माझ्या सासूला इचार, ती म्हनेल ते."

"आनि मी हो म्हनाले असते तर?"

"तुमी न्हाय म्हननार, हे ठावं व्हतं म्हनून तर धाडला."

येसूबाईने बिया उपटायच्या थांबवल्या.

"दुसऱ्यांदा पन?"

"दुसऱ्यांदा पन. तो काशीदचा मी लहानपनापासून बघितलाय. जेवताना बोलतो."

"अगो भवाने!" येसूबाईने पदराचा फटका तिच्या पाठीत मारला. "चार वर्सं! चार वर्सं मला घास उतरत न्हवता, देवासमोर बसले की तुझं तोंड दिसत व्हतं, आनि तू..." तिला पुढे बोलवेना. ती पुन्हा हसायला लागली, या वेळी तोंडावर पदर न घेता, आणि नीराही. दोघींना हसताना पाहून लांबून कमळने घंटा वाजवली, ती आपल्यालाच शाबासकी आहे असं समजून.

हसू ओसरल्यावर येसूबाईने डोळे पुसले आणि पुन्हा पदर हातात घेतला.

"आनि भागोजी तिसऱ्यांदा आला तर? काय सांगू?"

नीरा खाली समुद्राकडे पाहत होती, जिथे दोन शिडं खाडीच्या तोंडाशी वळत होती.

"तिसऱ्यांदा आला," ती म्हणाली, "तर त्याला बसवा. चहा द्या. आनि मला हाक मारा."

येसूबाईने मान हलवली. तिने तो पदर अर्धा साफ केला होता. बाकीच्या बिया तिने तशाच राहू दिल्या.

सोमवारी साहेब आले. नीराने संध्याकाळी सगळं वर्णन करून सांगितलं. कमळ बाजाराच्या पिंपळाला पूर्ण वळसा घालून साहेबांच्या जीपपुढे जाऊन उतरली. साहेबांना तिचा कासोटा जरा विचित्र वाटला असावा, पण त्यांनी वहीत काहीतरी चांगलं लिहिलं. रंगूने, गोदूने, सगळ्या बाजाराने ते पाहिलं. रंगूने घरी येऊन येसूबाईला विचारलं, "त्या सरकारी बाईला कुनी गो शिकवलं एवढं?" येसूबाई म्हणाली, "सरकारनं शिकवलं असेल," आणि बोंबील उलटे करत राहिली.

कमळच्या फेरीत कोंडवेळ होतं. आठवड्यातून दोनदा ती गाडीवाटेने सड्यावर येई, सायकल गडग्याला टेकवून पाखाडी उतरे आणि दुपारपर्यंत कोळीवाड्यात बायकांमध्ये बसे. त्या दिवशी सायकल रिकामी. कमळनेच सुचवलं. मग आठवड्यातून दोनदा नीरा पाटी घेऊन खाडीच्या वाटेने न जाता पाखाडी चढू लागली. मासळी कॅरिअरला बांधून ती बोर्लीपलीकडच्या भातवाल्यांच्या वाड्यांपर्यंत पोहोचे, जिथे कोळणीची ताजी मासळी आजवर कुणी पाहिली नव्हती. तिथल्या बायका तिची घंटा ऐकून परडी घेऊन दारात येत. परतल्यावर ती सासूला एकेका घराची गोष्ट सांगे. कुणाच्या घरी नवं बाळ, कुठे मोठं कुत्रं, कोणती म्हातारी फक्त सुक्या कोळंबीच्या सोड्यांसाठी थांबते. ओटीवर आता फारशी शांतता नसे.

असं पंधरा-वीस दिवस चाललं. एका दुपारी येसूबाई पुन्हा काठी घेऊन सड्यावर आली. कोयती आणली नव्हती. नीरा वाड्यांवरून रिकामी पाटी घेऊन परतली होती, कमळही कोळीवाड्यातलं काम उरकून वर आली होती. निसुर्डीची फुलं संपत आली होती. तुऱ्यांच्या अगदी टोकाला एकेक निळा ठिपका उरला होता.

"मावशी, आज लाकडं?" कमळने विचारलं.

"न्हाय." येसूबाईने कॅरिअरवर हात ठेवून ते दाबून पाहिलं. "हे मासळीचं वजन पेलतं ना?"

"पेलतं."

"मी दोन पाट्यांपेक्षा जास्त न्हाय."

नीराने सासूकडे पाहिलं. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि पाटी कातळावर ठेवली. कमळने सायकल धरली. येसूबाई बैलगाडीच्या मागच्या फळीवर बसतात तशी बसली, सुनेच्या पाठीला पाठ लावून, तोंड मागे करून. कमळ म्हणाली, असं कुणी बसत नाही. येसूबाई म्हणाली, मी बसते.

सायकल हलली. कमळ दहा पावलं मागून ढकलत आली, मग थांबली, धापा टाकत, कमरेवर हात ठेवून. उताराला चाकं पळायला लागली. पुढे काय येतंय ते येसूबाईला दिसत नव्हतं. मागचं सगळं दिसत होतं: लहान लहान होत जाणारी कमळ, निसुर्डीचा पट्टा, जांभळ, गडगा, आणि त्यांच्यामागे वर वर उघडत जाणारा समुद्र, जो खालून तिने इतका मोठा कधी पाहिला नव्हता. वारा मानेमागून येऊन तिच्या पदरात भरला. पदर डोक्यावरून उडाला, तो तिने दोन्ही हातांनी धरला.

"आई!" पाठीमागून नीराचा आवाज आला. "घट्ट धरलंय ना?"

येसूबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. ते आभाळात होते, पदराची दोन टोकं धरून, शिडासारखे.

"धरलंय गो," ती ओरडली. "तू चल!"